तीन नंबरची टिकटिक

मित्रांनो, मी आहे तीन नंबरचा इंजेक्टर. जुना, गाडीतून काढून टाकलेला, तुमच्या करंगळीहून थोडा जाड. माझी गोष्ट सांगायला मी बसलो आहे खरा, पण एक गोष्ट आधीच कबूल केल्याशिवाय माझ्याच्यानं पुढे जाववणार नाही. जी चूक एका मुलीनं केलीच नव्हती, ती माझ्यामुळे तिच्या माथी बसली. तिचं नाव हर्षा. ती तेव्हा अकरावीत होती. आणि मी? मी तिच्या कानाशी अगदी गुणी बाळासारखा टिकटिक करत बसलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, इंजेक्टर म्हणजे कोण बुवा? सांगतो. पेट्रोलच्या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. त्यांना चार खोल्या समजा. प्रत्येक खोलीच्या दाराशी आम्हा चार भावांपैकी एकेक उभा असतो. वरच्या नळीतून पेट्रोल आमच्या डोक्यात शिरतं. पोटात तारेचं वेटोळं असतं. विजेचा इशारा आला की त्या वेटोळ्याच्या ओढीनं आतली सुई उचलली जाते, आणि आमच्या तोंडावरच्या केसासारख्या बारीक छिद्रांतून पेट्रोल धुक्यासारखं फवारलं जातं. इशारा संपला की सुई खाली. हे सगळं एका क्षणाच्याही बारीक तुकड्यात होतं. गाडी जोरात पळत असली म्हणजे मी सेकंदाला पन्नास वेळा तोंड उघडतो आणि मिटतो. सुई हलली की आवाज होतो, टिक. माझ्याजवळ बोलायला एवढा एकच शब्द आहे. आणि त्याच शब्दानं मी घात केला.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कणही आत येऊ देत नसत. आम्हा चौघांना काचेच्या नळ्यांवर लावून पाहिलं गेलं, आणि चौघांचं पेट्रोल थेंबाथेंबानं सारखं भरलं. तपासणाऱ्या बाईंनी मान डोलावली, तेव्हा मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. पुढे आम्ही एका लाल गाडीत बसलो. लहानशी, पण अंगात वारं भरलेली गाडी. रायपूरच्या एका हौशी तरुणानं ती घेतली. सिग्नलला उभी राहिली की शेजारच्या स्कूटरवरची माणसं मान वळवून पाहायची. आम्ही इंजिनावर आत बसलेलो, आम्हाला कोण पाहणार? पण कौतुकाचा आमचा वाटा आम्ही मनातल्या मनात घेत होतो.

मग तो तरुण नोकरीसाठी परदेशी गेला. गाडीवर ताडपत्री पडली आणि अर्धी टाकी पेट्रोल तसंच राहिलं. दीड वर्ष. मित्रांनो, पेट्रोलसुद्धा शिळं होतं, बरं का. त्याचा चिकट राप बसतो, त्यात पाणी उतरतं, टाकीला गंज धरतो. मी ते शिळं पेट्रोल तोंडात धरून बसून राहिलो. माझ्या तोंडावर पिवळट, वार्निशसारखा थर चढला. माझ्या गळ्यात एक छोटीशी जाळी असते, चहाच्या गाळणीसारखी. ती गंजाच्या भुकटीनं भरत गेली. आमच्या चौघांत माझंच सगळ्यात वाईट झालं. का, ते मला सांगता येत नाही.

ताडपत्री उघडली ती रश्मीनं. रश्मी भिलाईजवळच्या चरोद्याची. रेल्वेच्या इंजिनावर सहायक चालक. दिवसच्या दिवस ती मालगाडी ओढायची आणि सुट्टी मिळाली की मैदान शोधायची. मातीच्या मैदानावर शंकू ठेवून वळणावळणाचा रस्ता आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. त्या शर्यतीचं तिला वेड होतं. ही लाल गाडी तिनं त्यासाठीच घेतली. नवीन पेट्रोल भरलं, बॅटरी बदलली आणि गाडी सुरू झाली. सुरू झाली हीच तर पंचाईत.

दुरुस्तीसाठी ती गाडी भिलाई-३ ला मारोतरावांकडे आणायची. मारोतराव म्हणजे हर्षाचे आबाजी. मूळ भंडाऱ्याकडचे. बत्तीस वर्षं पोलाद कारखान्यात, जाड पत्रे लाटणाऱ्या प्लेट मिलमध्ये यंत्रांची देखभाल केली, निवृत्त झाले आणि घरामागे पत्र्याची शेड टाकली. त्या शेडमध्ये हत्यारं थोडी होती, पण एक वस्तू अशी होती की तिला कुणी हात लावायचा नाही. हातभर लांब लोखंडी सळई. एक टोक अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला लाकडाचा गुळगुळीत गोळा. मिलमध्ये मोठमोठी बेरिंगं फिरत असतात. ती उघडून पाहायची म्हणजे सगळी मिल बंद. म्हणून तिथले जुने लोक सळईचं टोक बेरिंगवर टेकवतात, गोळा कानाला लावतात आणि आतलं सगळं ऐकतात. बेरिंगमधली गोळी चिरली असेल तर खरखर येते, वंगण संपलं असेल तर किरकिर येते. मारोतरावांचा कान अख्ख्या मिलमध्ये नावाजलेला होता. विश्वकर्मा पूजेला इतर लोक पाने-हातोडे मांडत, आबाजी सळई मांडत.

पण एक गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती. आबाजींना आणि हर्षाला. आणि ती त्या दोघांनी एकमेकांनासुद्धा कधी बोलून दाखवली नव्हती. त्या मिलनंच आबाजींचे कान खाल्ले होते. जाड आवाज त्यांना यायचे, समोर बसून बोललं तर कळायचं, पण बारीक आवाज गेले ते गेलेच.

मग शेड चालत कशी होती? ती गंमत मी स्वतः पाहिली आहे. आबाजी सळई टेकवत, कानाला लावत, डोळे मिटत. मग सळई हर्षाच्या हातात देत आणि शिकवणाऱ्या मास्तरांच्या थाटात म्हणत, "आता तू ऐक. सांग, काय ऐकू आलं."

हर्षा ऐके आणि सांगे. आबाजी मान डोलावत. "बरोबर."

गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा नातीची परीक्षा घेतो आहे. खरं म्हणजे ती परीक्षा नव्हतीच. ती जे सांगे, तोच निकाल होता.

हर्षाला हे कळलं कसं, तेही ऐका. एकदा एका जीपचं इंजिन चालू होतं आणि तिला काय खोडी सुचली कोण जाणे. चारही इंजेक्टर नीट बोलत असताना ती म्हणाली, "आबाजी, दोन नंबर मुका आहे."

"बरोबर," आबाजी म्हणाले.

शेडमध्ये क्षणभर नुसतं इंजिन वाजत राहिलं. मग हर्षाच हसून म्हणाली, "अवो नाई नाई, चुकली मी. बोलून राहिला तो."

"मी पाहूनच राहिलो होतो, तू पकडते का नाई," आबाजी म्हणाले. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून हर्षानं पुन्हा खोडी केली नाही. उलट ती जीव लावून ऐकू लागली. तिच्या शाळेत गाड्यांच्या दुरुस्तीचा विषय होता आणि त्या वर्गात पंधरा मुलं नि ती एकटी मुलगी. पहिल्या सहामाहीत मागच्या बाकावर बसणारी ती मुलगी आता त्या विषयाच्या संघमित्रा मॅडमनी प्रश्न विचारला की त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर करत असे. आवाज ऐकून तिनं शिक्षकांच्या स्कूटरचा दोष सांगितला होता. तिची मान ताठ झाली होती, चाल बदलली होती. हे सगळं कशाच्या जोरावर? कानाच्या.

शर्यतीच्या आदल्या रविवारी रश्मी गाडी घेऊन आली. सकाळची वेळ होती. आल्या आल्या म्हणाली, "काकाजी, इंजिनाचे फेरे चार हजारच्या वर गेले का अटकते. पाय दाबला का जराशी थांबते, मंग पळते. माह्या मालगाडीचं असं झालं असतं तर मी रजिस्टरात लिहून दिलं असतं. हिचं कोणाले लिहून देऊ?"

"मले दे. मी आहो ना," आबाजी म्हणाले.

बॉनेट उघडलं. इंजिन चालू केलं. सळई एक नंबरवर टेकली, मग दोनवर, मग माझ्या डोक्यावर. मित्रांनो, त्या वेळी माझ्या तोंडाची निम्मी छिद्रं बुजलेली होती. गळ्यातली जाळी गंजानं भरलेली होती. धुक्याऐवजी मी एक वाकडी बारीक धार टाकत होतो. हळू चालताना ते खपून जात होतं, जोरात पळताना माझी खोली उपाशी राहत होती. हे सगळं मला माहीत होतं. पण माझं वेटोळं धड होतं, माझी सुई मोकळी होती. इशारा आला की ती उचलली जाई आणि आपटे. टिक, टिक, टिक. स्वच्छ, खणखणीत, माझ्या भावांइतकीच.

बेरिंगचं दुखणं त्याच्या आवाजात असतं. माझं दुखणं माझ्या आवाजात नव्हतं. मिलच्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या नातीला तर नाहीच.

आबाजींनी सळई हर्षाला दिली. "सांग."

तिनं चारदा फिरून ऐकलं. माझ्यावर ती जरा जास्तच वेळ थांबली. तेव्हा मी गप्प बसलो असतो तर? सुई अडकली असती, एक टिक चुकली असती, तर तिनं मला तिथल्या तिथे पकडलं असतं. माझा अपराध हाच की मी गप्प बसलो नाही.

"चारही एकदम सेम," हर्षा म्हणाली.

"बरोबर," आबाजी म्हणाले.

रश्मीनं जरा विचार केला. "दुर्गले कमलेशभाऊकडं इंजेक्टर साफ कराची मशीन आहे म्हणतात. काढून पाठवाचे का एकदा? आठ दिवस आहेत अजून."

आबाजींची नजर हर्षाकडे गेली. हर्षानं सळईचा गोळा ओढणीनं पुसला आणि म्हणाली, "कशाले ताई? इतका साफ आवाज आहे. प्लग बदलून देतो आम्ही, फिर देखना."

खोल्यांत ठिणगी पाडणारे चारही प्लग बदलले. गाडी गेली.

पुढचा रविवार मला विसरता येत नाही. दुर्गच्या पलीकडे एका मैदानावर शर्यत होती. पहिली फेरी चांगली गेली. जो कोणी पहिल्या तिघांत येईल, तो पुढे मोठ्या शर्यतीला जाणार होता, आणि रश्मी दुसरी होती. कडेला आबाजी आणि हर्षा उभे होते. हर्षानं शाळेतल्या दोन मैत्रिणींनाही आणलं होतं, आणि ही गाडी आमच्या शेडची, असं ती तीनदा सांगून चुकली होती.

दुसऱ्या फेरीत शेवटचा सरळ पट्टा आला. रश्मीनं पाय खाली दाबला तो दाबूनच धरला. इशारे धडाधड येऊ लागले. पेट्रोल हवं होतं आणि मी नुसतंच टिकटिक करत होतो. माझ्या खोलीत हवा पुष्कळ, पेट्रोल थोडं. अशा वेळी आग जास्त तापते. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. खडखड झालं, मग ठोके, मग एक घुसमटलेला आवाज, आणि गाडीच्या मागून निळसर धूर निघाला. पट्टा संपायच्या आतच गाडी थांबली.

रश्मीला लागलं नाही. ती उतरली, हेल्मेट काढून टपावर ठेवलं. आबाजी धापा टाकत पोचले. त्यांनी माझ्या खोलीचा प्लग काढला. तो चुन्यासारखा पांढरा पडला होता आणि त्याचं टोक वितळलं होतं. तेवढं पाहून कुणालाही कळतं.

"तीन नंबरले पेट्रोल कमी पडलं," आबाजी हळूच म्हणाले.

"काकाजी, इंजेक्टर पाहले होते ना आपण?" रश्मीनं विचारलं. ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती.

भोवती आठ-दहा माणसं जमली होती. आबाजींनी प्लग हातात फिरवला. "पाहले होते. म्हणजे… हर्षानं ऐकले होते. मी तिले शिकवून राहिलो होतो."

त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता, मित्रांनो. तरी ते सगळं वाक्य खोटं होतं.

मागून कुणीतरी हिंदीत म्हणालं, "बच्ची के भरोसे गाडी छोड दी?" दोघे-तिघे हसले. माझ्या आबाजींना ऐकू येत नाही, हे एवढं हर्षा बोलली असती तर ती सुटली असती. मैत्रिणी बाजूलाच उभ्या होत्या. ती त्यांच्याकडेही पाहीना. रश्मी नुसतं "बरं" म्हणाली आणि हातमोजे काढू लागली. त्या "बरं" नं हर्षाचा चेहरा असा उतरला की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

त्यानंतर हर्षा शेडमध्ये आली नाही. गाडी दोरखंडानं ओढून तिथे आणली होती. आबाजींनी एकट्यानंच इंजिन खोललं. माझ्या खोलीतल्या पिस्टनला मधोमध बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. ते भोक ते बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी आम्हा चौघांना काढलं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्या खिशातून मी पुढचं सगळं ऐकलं.

दोन दिवस ते आम्हाला घेऊन नुसतेच हिंडले. घरात, अंगणात, पानठेल्यापर्यंत, परत. तिसऱ्या दिवशी हर्षा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात कागद होता. हर्षाचे बाबा रेल्वेत, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. शाळेच्या कागदांवर आबाजीच सही करत.

"सही पाहिजे होती," ती म्हणाली.

"कायची?"

"विषय बदलून राहिली मी. गाड्यांचा सोडते. संगणक घेते."

आबाजींनी ते ऐकलं की ओठ पाहून समजून घेतलं, कोण जाणे. "कावून?"

"तुम्हाले नाई मालूम कावून?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "वर्गात पोट्टे मले स्टेथोस्कोप म्हणून राहिले. अन् ते जाऊ द्या. मले स्वतःलेच भरोसा नाई राहिला. काल घरी पंखा वाजत होता, तं मले समजेना, पंखा वाजून राहिला का माह्या कानात वाजून राहिलं. रश्मीताईचं वर्ष गेलं माह्यापायी. उद्या ब्रेकचं काही ऐकाचं असलं अन् मी सेम म्हटलं तर?"

मी त्या रुमालात होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर. तुझे कान चोख आहेत, तू ऐकलंस ते अगदी खरं होतं, चोर मी आहे, हे सांगायला माझ्याजवळ वीजही नव्हती.

आबाजींनी कागद घेतला. त्यावर तिचं सुबक अक्षर होतं. त्यांनी तो घडी करून आमच्याच खिशात ठेवला. "करतो सही. आधी माह्यासंगं दुर्गले चाल. ह्या चौघाईले मशीनवर लावून आणू. मंग करतो."

"मी कशाले?"

"ऑटोवाला काय बोलते ते मले…" आबाजी थांबले. "रस्ता नाई आठवत मले त्या दुकानाचा."

दुर्गचा रस्ता त्यांना पन्नास वर्षं पाठ होता. हर्षानं चप्पल घातली.

कमलेशचं दुकान दुर्गच्या जुन्या बाजारामागे. कमलेश चाळिशीचा, पोट सुटलेला आणि तोंडानं बोलका. आबाजींना पाहून म्हणाला, "या काकाजी, या. माह्या मशीनची आठवण झाली म्हणाची आज तुम्हाले. तुमची ती सळई कुठी ठेवली? आणली असती तर माह्या मशीनले पण ऐकवलं असतं."

"आधी हे लाव," आबाजी म्हणाले.

त्यानं आम्हाला एका आडव्या नळीला टांगलं. प्रत्येकाखाली एकेक काचेची उभी नळी होती, तिच्यावर रेघा होत्या. मला एकदम तो लखलखीत कारखाना आठवला आणि मी लाजेनं मेलो. कमलेशनं बटण दाबलं. आम्ही चौघं एका सुरात बोलू लागलो. टिक, टिक, टिक.

हर्षा दाराशी उभी होती, पाठ करून. आवाज ऐकून ती वळली. "बघा, आताही सेम येऊन राहिला," ती पुटपुटली, जणू स्वतःवरच चिडून.

मग ती जवळ आली आणि तिचं लक्ष काचेकडे गेलं. एक नंबरखाली पांढरं धुकं पडत होतं, छत्रीसारखं पसरलेलं. दोनखाली जरा विरळ, पण धुकंच. चारखालीही. माझ्याखाली मात्र म्हाताऱ्याच्या काठीसारखी एक वाकडी धार. तिघांच्या नळ्या भरत चालल्या. माझी निम्म्यालाही पोचेना. हर्षा वाकली, इतकी वाकली की तिचं कपाळ काचेला टेकलं.

"पण आवाज तर येऊन राहिला, कमलेशभाऊ."

"येईनच ना. आवाज सुईचा असते, बाई. सुई मस्त नाचून राहिली त्याची. तोंड बंद आहे. तोंडाचा थोडीच आवाज होते?" कमलेशनं मला बोटानं टिचकी मारली. "हा असा बदमाश मी महिन्यातून एखादा पाहतोच. ह्याले ऐकून पास कोणी केलं पण? कोण उस्ताद होता?"

हर्षानं तोंड उघडलं. ती "मी" म्हणणार होती, मला दिसत होतं. पण त्याआधी आबाजी बोलले.

"उस्ताद मी. पोरीनं जे ऐकलं ते बरोबर ऐकलं. मी काहीच नाई ऐकलं. मले ऐकूच येत नाई, कमलेश. चार वर्षं झाले."

कमलेशनं मशीन बंद केलं. तो चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला.

हर्षा आबाजींच्या समोर आली, त्यांना ओठ दिसतील अशी. "मैदानात कावून नाई बोलले हे?"

"भेव वाटलं."

"कशाचं?"

"ऐकू येत नाई म्हटल्यावर कोण आणते मंग गाडी? शेडमधी बसून मी काय करू, पत्रे मोजू?" त्यांचा आवाज फाटला. "तुह्या नावावर ढकललं मी. तुले लोक दोन दिवसांत विसरून जातीन, लहान आहे म्हणतीन, असं वाटलं. तू विषय सोडशीन हे नाई वाटलं."

"मले रडू आलं होतं त्या दिवशी, आबाजी. ताईसमोर."

"मालूम आहे."

"तुम्हाले कसं मालूम? तुम्ही तर पाहलंच नाई माह्याकडं."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि रश्मीचं नाव तिला शोधायला लावलं. फोन लागला. मशीनजवळ उभं राहून, प्लेट मिलमध्ये बोलत असल्यासारखं मोठ्यानं त्यांनी सगळं सांगितलं. सळई, परीक्षेचं नाटक, ते मैदानातलं वाक्य. बाजारातल्या दोन-तीन लोकांनी आत डोकावून पाहिलं. सांगून झाल्यावर त्यांनी फोन हर्षापुढे धरला, कारण पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांना ऐकू येण्यातलं नव्हतं.

हर्षानं ऐकलं. बराच वेळ ऐकलं. आबाजी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"काय म्हणते?"

"ताई म्हणते, लय वाईट वाटलं. म्हणते, वर्ष तं गेलंच माह्यं, ते काही परत येत नाई." हर्षा थांबली. "अन् म्हणते, इंजिन परत कधी बांधाचं ते हर्षाले विचारून सांगा."

"मंग?"

"मंग काय. विचारा ना मले."

चहा आला. कमलेशनं आम्हाला औषधी पाण्याच्या डबीत बुडवलं, ज्यात आवाजाच्या लहरींनी मळ सुटतो. तासाभरानं माझे तिन्ही भाऊ पुन्हा जन्माला आल्यासारखे फवारू लागले. माझं तोंड उघडलं, पण पुरतं नाही, आणि वर मिटल्यावरही थेंब गळायला लागला. "हा गेला. नवा टाका," कमलेश म्हणाला आणि मला टोपलीकडे नेऊ लागला.

"थांबा," हर्षा म्हणाली, "तो मले पाहिजे."

मी गळत होतो. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मग आबाजींच्या खिशातला तो घडीचा कागद काढला आणि त्यातच मला गुंडाळलं. तिचं सुबक अक्षर माझ्या ओल्या तोंडाभोवती पसरत गेलं. आबाजींनी ते पाहिलं.

मित्रांनो, आता मी हर्षाच्या शाळेत असतो, गाड्यांच्या विषयाच्या खोलीत, फळीवर. यंदा त्या वर्गात चार मुली आहेत. हर्षा बारावीत गेली. संघमित्रा मॅडम कधीकधी नव्या मुलांसमोर तिला उभं करतात. ती मला हातात घेते, छोट्या बॅटरीच्या दोन तारा माझ्या डोक्याला लावते. टिक. ती विचारते, "हा चांगला आहे का खराब?" सगळे एका सुरात म्हणतात, "चांगला." मग ती मला पेट्रोलच्या नळीला जोडते, खाली काच धरते आणि काही न बोलता वर्गाला पाहू देते. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दर वेळी वाटतं, बरं झालं.

रश्मीची गाडी पुन्हा धावते. माझ्या जागी नवा तीन नंबर आहे. ती यंदा पुन्हा पहिल्या फेरीपासून सुरुवात करते आहे, कारण मागच्या वर्षीचं काहीच धरत नाहीत. आबाजींच्या कानात यंत्र आलं आहे. ते शिट्टी वाजवतं म्हणून ते कुरकुर करतात, आणि हर्षा सांगते तेव्हा काढून ठेवलेलं पुन्हा घालतात.

माझं तुमच्याजवळ मागणं थोडंच आहे. घरातली गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल, तर तिच्या पोटात पेट्रोल शिळं होऊ देऊ नका. अधूनमधून चालवा. पेट्रोल गाळणारी जाळी वेळेवर बदलायला सांगा. आणि गाडी अडखळायला लागली, तर नुसत्या आवाजावर जाऊ नका, आम्हाला काढून काचेवर लावून पाहा. त्यात आमचा अपमान होत नाही.

आणखी एक. तुमची चूक कधी दुसऱ्याच्या नावावर जाऊन बसली, तर कुणी ती शोधून काढेपर्यंत थांबू नका. माझं तोंड बुजलेलं होतं. तुमचं नाही.